उजव्या कानाची फाइल

बाबांना जाऊन सहा आठवडे झाले, तेव्हा त्यांच्या फोनवर मेसेज आला: "आदरणीय ग्राहक, आपल्या उजव्या कानाची तपासणी बऱ्याच दिवसांत झालेली नाही. कृपया लवकर भेट द्या."

फोन लेकीच्या हातात होता. तिने तो बंद केलेला नव्हता. रोज सकाळी स्वतःच्या फोनबरोबर ती बाबांचाही फोन चार्जिंगला लावायची. कुणी विचारलंच तर बँकेचे मेसेज येतात म्हणून, असं उत्तर तिने तयार ठेवलं होतं, पण कुणी विचारलं नाही. तपासणीच्या मेसेजचं तिला नवल वाटलं नाही, दुकानदार असले मेसेज पाठवतच असतात. नवल वाटलं ते उजव्या कानाचं. दोन्ही कानांची मशीनं बाबांनी एकाच दिवशी घेतली होती, आणि ती घ्यायला लावता लावता तिच्या नाकी नऊ आले होते. मग आठवण उजव्याचीच का?

तीन दिवसांनी पाकीट आलं. आत बिल होतं. अकरा भेटी, अकरा तारखा, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'उ. का.' आणि शेवटी आकडा. बेरीज एवढी, की तेवढ्यात आणखी एक मशीन आलं असतं, एखाद्याला तीन कान असते तर.

बाबांचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या. महिनाअखेर त्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या, म्हणून ती रजा काढून आली होती आणि धाकटा भाऊही आला होता. त्या वेळी तो स्टुलावर उभा राहून पंख्याच्या रेग्युलेटरवरची लाल चिकटपट्टी नखाने खरवडत होता.

बाबा चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर होते. फिरतं लोखंड पोलादी हत्याराने केसाएवढं, त्याहूनही कमी कातायचं, असं ते काम. त्या कामाने त्यांचं घर चालवलं आणि कान नेले. तिथली एक सवय त्यांनी घरी आणली होती. एखादं सेटिंग बरोबर जुळलं की त्या फिरवायच्या खुंटीवर लाल पट्टी चिकटवायची. लाल पट्टी म्हणजे: जुळलंय, आता कुणी हात लावायचा नाही. पंख्यावर पट्टी होती, इस्त्रीवर होती, पाणी तापवायच्या बंबावर होती, रेडिओवर होती. लहानपणी दोघा भावंडांनी या पट्ट्यांपायी बोलणी खाल्ली होती. आणि आता घरमालकाने सगळं होतं तसं स्वच्छ करून मागितलं होतं.

"अकरा भेटी?" भाऊ स्टुलावरूनच म्हणाला. "बाबांच्या? ताई, हा माणूस दातवाल्याकडे दोनदा जावं लागेल म्हणून एकाच फेरीत तीन दात काढून आला होता. अकरा वेळा कानवाल्याकडे गेले असतील तर मी मिशी काढीन."

मिशी तो कॉलेजपासून जपत आला होता. बायकोनेही तिच्यापुढे हात टेकले होते.

"मग हे काय आहे?"

"लुबाडणूक आहे. माणूस गेला की अशी बिलं येतातच. घरचे रडण्यात असतात, भरून टाकतात. फेक ते."

तिने ते फेकलं नाही. ती ग्रंथालयात काम करायची, आणि तारखांची यादी समोर आली की ती तपासल्याशिवाय तिला राहवत नसे. बाबांचं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून ती खाली फरशीवर बसली आणि एकेक तारीख बोटाने शोधू लागली. पहिली तारीख सोमवार. दुसरी सोमवार. पाच महिन्यांत विखुरलेल्या अकरा तारखा, आणि अकराच्या अकरा सोमवार.

"खोटं बिल बनवणारा एवढा नियमाने बनवेल का रे?" ती म्हणाली.

पट्टी निघाली होती आणि तिचा डिंक भाऊ पालथ्या मुठीने पुसत होता.

सोमवार म्हणजे रविवारचा दुसरा दिवस, आणि रविवारी सकाळी अकराला ती बाबांना फोन करायची. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं. बाबा फोन उजव्या कानाला लावायचे. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं लेथने फार पूर्वी नेली होती, त्यामुळे त्यांचं सगळं काम उजव्या हाताचं.

इथवर ती पोचली आणि तिचं बोट शेवटच्या तारखेवर थांबलं.

चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा ती दवाखान्याच्या जिन्यात बाबांना म्हणाली होती, की तुम्ही वेळेवर आणलं असतंत तर ती वाचली असती. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की चार तास आधी आणून काही फरक पडला नसता. पण म्हटलेलं म्हटलेलं राहिलं. त्यानंतर दोघांमध्ये दर रविवारची दहा मिनिटं उरली: हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, जेवलीस का. शेवटच्या रविवारी, काय झालं कुणास ठाऊक, मध्येच ती बोलून गेली. "बाबा, मी जिन्यात जे बोलले होते ते चुकीचं होतं. मला तेव्हाही माहीत होतं. मी ते मागे घेते."

मग बाबा म्हणाले, "हो, हो. जेवलीस का?"

सकाळचे अकरा वाजले होते. काही ऐकू आलं नाही की बाबा हेच म्हणायचे. 'हो, हो' आणि जेवलीस का. सगळ्या घराला ते ठाऊक होतं. तिने पुन्हा म्हणायला हवं होतं, मोठ्याने, सावकाश. पण एकदा म्हणायलाच चार वर्षं लागली होती. नाही अजून, असं म्हणून तिने फोन ठेवला. गुरुवारी दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या बाबा गेले.

त्यांनी ते ऐकलं होतं का? सहा आठवडे तिच्या मनात एवढा एकच प्रश्न होता, आणि तो विचारण्याजोगा माणूस एकच होता.

बिलातली शेवटची तारीख त्या रविवारनंतरच्या सोमवारची होती. बाकीच्या दहा ओळींत नुसतं 'जुळवणी' लिहिलं होतं. या ओळीत होतं: 'उ. का. – आवाज कमीजास्त करायचं बटण निकामी केलं.' त्याचे पैसेही सर्वांत जास्त लावले होते.

बटण निकामी करायचे पैसे? आणि असं कोण करून घेतं? आशा सोडलेला माणूस, तिला वाटलं. फिरवून फिरवून काही ऐकू येत नाही म्हणून कंटाळलेला.

* * *

तिने कस्टमर केअरला फोन लावला. आधी बराच वेळ संगीत वाजलं, धडधाकट कानाच्या माणसालाही मशीन घ्यावं लागेल असलं. मग एक मुलगी आली. तिने ग्राहक क्रमांक विचारला आणि पुढे म्हणाली, "कोणत्या कानाबद्दल बोलायचंय?"

"कानाबद्दल नाही, बिलाबद्दल. ज्यांच्या नावाने बिल आलंय ते माझे वडील. ते वारले."

"एक मिनिट हं." टकटक ऐकू आली. "हो, नोंद आहे आमच्याकडे. डावा कान मयत."

"काय म्हणालात?"

"डाव्या कानाची फाइल मयत म्हणून बंद केलीय, मॅडम. एक महिना झाला. उजवा चालू आहे."

"उजवा त्याच डोक्याला होता हो."

"असेल, मॅडम, पण मला इथून तसं दिसत नाही. उजव्या कानाची माहिती फक्त रुग्णाला देता येते. ते आहेत का जवळ?"

फोन स्पीकरवर होता. भाऊ इस्त्रीवरची पट्टी सोलता सोलता थांबला होता.

"रुग्ण वारले, असं मी आत्ताच म्हणाले ना?"

"ते डाव्याच्या फाइलवर आहे. उजव्यासाठी वेगळा दाखला जोडावा लागेल."

"माणूस दोनदा जात नाही, बाई."

"बरोबर आहे तुमचं," मुलगी मनापासून म्हणाली. "तुम्ही शाखेत गेलात तर बरं पडेल. आणखी काही मदत करू शकते का?"

फोन बंद झाल्यावर भाऊ म्हणाला, "म्हणजे निम्मे तरी शाबूत आहेत."

ती हसली. हसू आवरेना, म्हणून तोंडावर पदर घेतल्यासारखा तिने बाबांचा टॉवेल घेतला. सहा आठवड्यांत ती पहिल्यांदाच हसली होती, आणि पहिल्यांदाच रडलीही होती. दोन्ही एकदम झाल्यामुळे भावाला कुठल्याची विचारपूस करावी ते कळेना. तो चहा ठेवायला गेला.

"डाव्याचं कुणी कळवलं असेल?" चहा देताना तिने विचारलं.

"मीच. मशीनं परत घेतात का म्हणून फोन केला होता. पावतीवरचा नंबर दिला. मला काय माहीत तो एकाच कानाचा आहे ते?"

"आणि मशीनं?"

"घेत नाहीत परत. ती डबी बघ, कपाटात आहे."

डबी तिला माहीत होती. आत शेंगदाण्याएवढी दोन मशीनं, एकावर लाल खूण. उजव्याला लाल, डाव्याला निळा, असं तिने माहितीपत्रकात वाचलं होतं. तिने डबी पर्समध्ये टाकली.

* * *

ती मुद्दाम सोमवारी गेली. एक बस, मग पुलाखाली दुसरी, मग फळांच्या दुकानांवरून सात-आठ मिनिटं चालत. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला पंधरा लागतील, असा तिने हिशेब केला, आणि परतीचे धरून अकराने गुणायला सुरुवात केली, पण मध्येच सोडून दिलं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. भिंतीवर दारातून आत जाता येईल एवढ्या मोठ्या कानाचं चित्र, खाली खुर्च्यांची रांग, आणि कोपऱ्यात पाटी: 'कृपया शांतता राखा.' तिच्या खालीच एक म्हातारे गृहस्थ बायकोला ओरडून सांगत होते की ते ओरडत नाहीयेत.

काउंटरवरची बाई सगळ्यांशीच मोठ्याने, तोंड वर करून, एकेक शब्द सुटा करून बोलायची. कामाने लागलेली सवय. तिने बिल पाहिलं, स्क्रीन पाहिली, आणि कपाळाला हात लावला.

"तुमचे—वडील—का?"

"मला ऐकू येतं."

"हो हो, सॉरी." आवाज दोन पायऱ्या उतरला. "काय झालंय सांगू का. आमच्याकडे माणसाची फाइल नसते, कानाची असते. पूर्वी माणसाचीच होती. पण लोक मशीन हरवतात ते एकच. कुणी बसमध्ये पाडतं, कुणी शर्टासकट धुतं. मग त्या एकाच्या बदल्यात नवीन दिलं की कॉम्प्युटर दोन्हींची गॅरंटी नवी करून टाकायचा. मालक वैतागले आणि त्यांनी कान वेगळे केले."

"घटस्फोटच म्हणायचा."

"तसंच." बाई पहिल्यांदा हसली. "आता तुमच्या वडिलांची खरेदी डाव्याच्या फाइलवर चढलीय. उजव्याच्या फाइलवर खरेदीच नाही. मशीन घेतलं की वर्षभर जुळवणी फुकट असते, पण कॉम्प्युटरला वाटतंय की उजवा कान दुसऱ्याचंच मशीन घालून येतो. म्हणून दर खेपेला पैसे लावले. आणि ते साठत राहिले, कारण उजव्याच्या फाइलवर त्यांचा पत्ताही नव्हता. मागच्या आठवड्यात कुणीतरी तो शोधून घातला."

"म्हणजे ते खरंच आले होते? अकरा वेळा?"

"अहो, आले होते म्हणजे काय, यायचे त्या सोमवारी पहिला नंबर त्यांचाच. मी शटर वर करायची तर काका जिन्यात उभे. वारले ते मला तुमच्याकडूनच कळतंय." ती की-बोर्डकडे वळली. "हे दहा आकडे मी रद्द करते. अकरावा बदलाचा आहे, तो फुकटात बसत नाही. पण एवढा घोळ आमच्याकडून झालाय, तर तोही काढून टाकते. बटणाचे कसले एवढे पैसे. एक बोट दाबलं की झालं."

बोट उचललं गेलं होतं.

"थांबा," लेक म्हणाली. "त्या दिवशी ते काय म्हणाले, हे कुठे लिहिलेलं असतं का?"

"शेरा असतो आत. मशीन जुळवून देतात त्या मशीनबाई लिहितात. तुमचे वडीलच त्यांना तसं म्हणायचे, आता आम्ही सगळेच म्हणतो. मला ते उघडत नाही."

"आणि ओळ रद्द केली तर?"

"ओळीबरोबर शेरा जातो." बाईने बोट मागे घेतलं. "आधी वाचायचा असेल तर वाचून या. डावीकडची दुसरी खोली."

* * *

मशीनबाईंच्या खोलीच्या भिंतींना जाड कापड लावलेलं होतं. दार लागलं तसा बाहेरचा ओरडा मध्येच कापल्यासारखा थांबला. बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा कपाळावर, टेबलावर घड्याळजीकडे असतात तसले बारीक पेचकस. लेकीने आपण कोण ते सांगितलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"भराभर बोलणारी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काही नाही. बसा. काका कसे आहेत? मला वाटलं तुमच्याकडे राहायला गेले."

लेकीने सांगितलं. मशीनबाईंनी चष्मा परत कपाळावर सरकवला. मग म्हणाल्या, "नोंद डाव्यात गेली असणार. मी उजवाच उघडते, त्यांचा डावा मला कधी लागलाच नाही. सहा सोमवार मी पहिला अर्धा तास मोकळा ठेवतेय."

त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "खरं तर दाखवू नये. पण यात तुमच्याशिवाय दुसरं काही नाहीये."

शेरे खालून वर वाचायचे होते. लेकीने पहिल्यापासून सुरुवात केली.

'फोनवर मुलीचा आवाज पत्र्यावर घासल्यासारखा येतो. वरचे सूर कमी केले.'

'मुलगी भराभर बोलते. सावकाश बोलायला सांगा म्हटलं, तर म्हणतात तिला सांगता येणार नाही, मशीनला सांगा.'

'शेवटचे शब्द जातात. दोनदा "काय" म्हटलं की मुलगी "जाऊ दे" म्हणते. तिसऱ्यांदा विचारायची वेळ येऊ नये असं काहीतरी करून हवं.'

इथे लेकीने मान वळवली. भिंतीवरच्या कापडाचा रंग करडा होता, आणि त्यावर बारीक चौकटी होत्या. तिने त्यातल्या काही मोजल्या. ती जाऊ दे म्हणायची. हो, म्हणायची. आपण असं म्हणतो, हेही तिला कधी ऐकू आलं नव्हतं.

"त्यांनी मला पहिल्या दिवशी विचारलं होतं," मशीनबाई म्हणाल्या, "टॉलरन्स किती, म्हणजे किती चूक चालेल. मी म्हटलं, काका, कान आहे, लोखंड नाही, थोडं इकडेतिकडे चालतं. ते म्हणाले, मला नाही चालत."

पुढचे शेरे छोटे होते. शिट्टी वाजते. फोन धरायची जागा बदलून पाहिली. 'स' ऐकू येतो, 'श' नाही. बरं आहे. बरंच बरं आहे. मुलगी हसली ते कळलं. मग शेवटचा. तो लेकीने आधी डोळ्यांनी नुसता चाळला, जसं थंड पाण्यात पाय घालून पाहतात, आणि मग वाचला.

'रविवारचा फोन पूर्ण ऐकला म्हणतात. एकही शब्द गेला नाही. सेटिंग आहे असंच ठेवायचं. चुकून हात लागून बदलू नये म्हणून बटण निकामी करून हवं. बटण उपयोगाचं असतं, राहू द्या, असं समजावलं. ऐकत नाहीत. करून दिलं.'

ती ते पुन्हा वाचू लागली. मशीनबाईंनी घाई केली नाही.

"फोनवर काय ऐकलं, ते म्हणाले का?"

"नाही. मी विचारलंही नाही. काम दहा मिनिटांचं होतं, ते मात्र चाळीस मिनिटं बसले. तुम्ही कुठे काम करता, तिथे पुस्तकं किती आहेत, असलं काहीबाही सांगत होते. मी पुढचा पेशंट थांबवला."

लेकीने पर्समधून डबी काढली. काहीतरी करायला हवं म्हणूनच काढली असावी. "हे परत घेत नाहीत ना तुम्ही?"

मशीनबाईंनी उजवं मशीन तळहातावर घेतलं आणि चष्मा खाली ओढला. "हे काय लावलंय?"

"उजव्याची खूण ना? लाल."

"आमची खूण आत असते, ही बघा, टाचणीच्या डोक्याएवढी. ही पट्टी आमची नाही." त्यांनी पेचकसाच्या टोकाने कडा हलवून पाहिली. तांदळाच्या दाण्याएवढी लाल चिकटपट्टी, चारही बाजूंनी सरळ कापलेली, बटणावर बरोबर मधोमध. "मी कॉम्प्युटरवरून बटण बंद करून दिलं होतं. ते दाबलं तरी काही होणार नव्हतं. आणि वर परत ही लावली?"

"कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास नव्हता," लेक म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःला लांबून आल्यासारखा वाटला. "पट्टी म्हणजे, जुळलंय."

मशीनबाईंनी टोक बाजूला घेतलं आणि मशीन डबीत जसं होतं तसं ठेवलं.

* * *

"वाचलं?" काउंटरवरच्या बाईने विचारलं. बोट पुन्हा तयार होतं.

"दहा काढा. अकरावी राहू दे. मी भरते."

"अहो, काढते म्हणतेय ना मी. उगाच कशाला भरताय?"

"काम झालंय त्याचं."

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे, जो मशीनबाईंनी छापून दिला होता, आणि वाद घातला नाही. पावती फाडताना ती एवढंच म्हणाली, "मग उजव्याची फाइल बंद करू? नाहीतर मेसेज येत राहतील."

लेकीला लगेच 'हो' म्हणता आलं नाही. तिच्यामागे रांगेत ते ओरडणारे गृहस्थ येऊन उभे राहिले होते. त्यांनी बायकोला विचारलं, ही बाई कशासाठी थांबलीय, आणि सगळ्या दवाखान्याने ते ऐकलं.

"करा," ती म्हणाली.

* * *

घरी भाऊ फरशीवर रेडिओ मांडीवर घेऊन बसला होता. बाजूला खोबरेल तेलाची वाटी आणि फडकं.

"किती कमी केले?"

"दहा भेटींचे. एकीचे भरले."

"कुठल्या?"

"बटणाच्या."

"ताई, नेमके त्याचेच—" पण तोवर तिने कागद त्याच्यापुढे धरला होता. त्याने तेलाचे हात पँटला पुसले आणि वाचला. अकरा शेरे वाचायला फार वेळ लागत नाही. त्याला लागला. जिन्यातलं बोलणं त्याला माहीत होतं, तो तेव्हा दोन पायऱ्या खाली उभा होता. रविवारच्या फोनबद्दल तिने आता सांगितलं, चार वाक्यांत, सावकाश.

"आणि ते काय म्हणाले?"

"हो, हो. जेवलीस का."

"मग," भाऊ म्हणाला, "ते 'हो' म्हणाले की."

त्याने कागदाची घडी घालून तिला परत दिली आणि रेडिओ पुढे सरकवला. "हे बघ. मला मघापासून कळत नव्हतं. याच्या आवाजाच्या खुंटीची पट्टी काढली तर खाली डिंकाचे डाग दोन. एक सातवर. तो जुना आहे, तेलानेही निघत नाही. आणि पट्टी होती ती तीनवर, हा डाग ताजा आहे. त्यांनी एकदा लावलेली पट्टी उचलून दुसरीकडे लावलेली तू कधी पाहिलीस?"

"नाही."

"मीही नाही."

तिने खुंटी फिरवून तीनवर आणली आणि रेडिओ लावला. कुणीतरी हवामान सांगत होतं. तीनवर ते फार हळू ऐकू येत होतं. वर पंखा खडखडत होता. पट्टी काढल्यापासून त्याचा वेग कुणी बघितलाच नव्हता. भावाने उठून पंखा बंद केला. मग दोघं पुढे वाकून ऐकत बसली, कुठे ढगाळ राहणार, कुठे ऊन पडणार, सगळं. खुंटीला कुणी हात लावला नाही.

हवामान संपलं तसा तो उठला आणि भरलेल्या खोक्यांकडे पाहत उभा राहिला.

"ताई, बाबांचा वस्तरा यातल्या कुठल्या खोक्यात टाकलास?"